दाताच्या खुर्चीवर अचानक काही झालं तर...

"डॉक्टर, माझं वय बासष्ट. बीपीची गोळी चालू आहे, शुगर आहे, हृदयात स्टेंट टाकलेला आहे. दाढ काढताना मला काही झालं तर तुमच्याकडे त्यावरची औषधं असतात का? की तुम्ही फक्त दातांचंच बघता?"

हा प्रश्न बरेच रुग्ण मनात ठेवतात, थोडेच विचारतात. विचारणाऱ्यालाही वाटतं, आपण डॉक्टरांवर अविश्वास तर दाखवत नाही ना? मुळीच नाही. प्रत्येक रुग्णानं हा प्रश्न विचारावा आणि प्रत्येक दंतवैद्याकडे त्याचं सरळ उत्तर असावं. ते उत्तर म्हणजे हाताशी ठेवलेली एक छोटी पेटी, शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर आणि ते वापरायला शिकलेली माणसं. या पेटीत काय असतं आणि काय मुद्दाम ठेवलेलं नसतं, ते पाहू.

१. पेटी इतकी छोटी का?

दातांच्या दवाखान्यात अतिदक्षता विभाग नसतो आणि तो असण्याची गरजही नाही. अशा प्रसंगी दंतवैद्याचं काम ठरलेलं आहे: रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाचा श्वास आणि रक्ताभिसरण चालू ठेवणं. म्हणून औषध निवडताना एकच विचारायचं, हा त्रास रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू शकतो का? अंगावर उठलेली खाज थांबू शकते. सुजून बंद होत चाललेली श्वासाची वाट थांबू शकत नाही.

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या वैज्ञानिक समितीनं २००२ साली अशी यादी दिली, तेव्हा ती सात गोष्टींवर संपली: ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, ॲलर्जीविरोधी इंजेक्शन, ऑक्सिजन, जिभेखाली द्यायचं नायट्रोग्लिसरीन, दम्याचा पंप, साखर आणि ॲस्पिरिन. वेगवेगळ्या देशांत तीत थोडी भर पडते, पण गाभा हाच राहतो.

यादीत बीपी झटकन उतरवणारं औषध नाही, हे लक्षात घ्या. एके काळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची पद्धत सर्रास होती. रक्तदाब असा धाडकन खाली आणला तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, हे कळल्यावर ती चुकीची ठरली. भीतीनं वाढलेलं बीपी शांत बसवल्यावर, धीर दिल्यावर बहुधा उतरतं. नाही उतरलं तर दाढ आज काढायची नाही, एवढाच उपाय पुरतो.

२. भोवळ: सर्वांत जास्त घडणारा प्रसंग

दातांच्या दवाखान्यात सर्वांत जास्त वेळा काय होत असेल, तर भोवळ येते. त्यातही धडधाकट तरुण मुलगे पुढे असतात. सुई दिसली की शरीर पळायची तयारी करतं आणि पायांच्या स्नायूंकडे जास्त रक्त जातं. पण माणूस पळत नाही, तो खुर्चीत गप्प बसून राहतो. पायांची हालचाल नाही, त्यामुळे ते रक्त वर ढकललं जात नाही. मग मेंदूकडून हृदयाला उलटा आदेश जातो, नाडी मंद होते, रक्तदाब पडतो. चेहरा पांढरा होतो, कपाळावर घाम येतो, मळमळतं, जांभया येतात आणि शुद्ध हरपते.

इथे पहिला उपाय खुर्चीच्या बटणात आहे. तोंडातला कापूस, उपकरणं बाहेर काढायची, खुर्ची सपाट करायची, पाय डोक्यापेक्षा वर उचलायचे. बहुतेक लोक मिनिटभरात डोळे उघडतात. बेशुद्धीत हातापायांना दोन-चार झटके आले तरी ती फिट असेलच असं नाही; मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलं तरी तसं होतं. काही दवाखान्यांत हुंगायला अमोनियाची कुपी असते, पण तिच्यावाचून अडत नाही.

सोबत आलेली मंडळी मात्र प्रेमापोटी नेमकं उलट करतात. "उठवून बसवा, पाणी पाजा!" बसवलं की रक्त पुन्हा पायांत उतरतं. शुद्धीत नसलेल्याला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जाणारा वेळही फुकटचा. माणूस सावरल्यावरसुद्धा लगेच उभं करू नये. दुसरी भोवळ पहिलीच्या पाठोपाठ येऊ शकते.

दिवस भरत आलेल्या गर्भवतीची गोष्ट वेगळी. तिला उताणं झोपवलं तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि भोवळ आणखी वाढते. तिला डाव्या कुशीवर कलतं करावं लागतं. उजव्या कमरेखाली उशी सरकवली तरी चालते.

सपाट झोपवूनही दोन-तीन मिनिटांत शुद्ध आली नाही, तर ही साधी भोवळ नाही असं धरून पुढचा विचार सुरू करायचा. श्वास चालू आहे का? नाडी लागते का? साखर किती आहे? स्टॅनले मॅलामेड या अमेरिकन दंतवैद्यानं या विषयावर लिहिलेलं पुस्तक जगभरचे दंतवैद्य वाचतात. त्यांनी लावून दिलेल्या क्रमात रुग्णाची स्थिती, रक्ताभिसरण, श्वासमार्ग आणि श्वास या गोष्टी आधी येतात, औषध शेवटी. पेटी उघडण्याआधीच बरंच काम व्हायचं असतं, हे त्यावरून कळतं.

३. ॲड्रेनालिन: रोजचं आणि प्राण वाचवणारं

पेटीतल्या औषधांपैकी एकच ठेवता येईल असं कुणी म्हटलं, तर मी ॲड्रेनालिन ठेवीन.

ते दंतवैद्याच्या हातात रोजच असतं. दाढ बधिर करायच्या भुलीच्या इंजेक्शनात लिग्नोकेन असतं आणि त्यात बहुधा अगदी थोडं ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं. ते त्या जागेच्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी जातं. काहींना इंजेक्शननंतर छातीत धडधडतं, हात थरथरतात. ते या ॲड्रेनालिनमुळे आणि स्वतःच्या भीतीमुळे. त्यावरून "मला भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे" असा शिक्का अनेक जण आयुष्यभर बाळगतात. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार विरळा.

तीव्र ॲलर्जी मात्र खरोखर येऊ शकते. बहुधा तिचं कारण दुसरंच असतं: पेनिसिलिनच्या गटातलं प्रतिजैविक, वेदनाशामक गोळी, रबरी हातमोज्यांतलं लॅटेक्स, कधी चूळ भरायचं क्लोरहेक्सिडिन. काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो आणि रक्तदाब कोसळतो. आत काय होत असतं? इमारतीतला पाण्याचा पाइप जागोजागी सैल पडून झिरपू लागला, तर टाकी भरलेली असूनही वरच्या मजल्यावरच्या नळाला पाणी चढत नाही. तसंच इथे रक्तवाहिन्या सैल पडतात, पाझरू लागतात आणि शरीरात रक्त असूनही मेंदूपर्यंत पुरेशा जोरानं पोचत नाही. ॲड्रेनालिन या वाहिन्या पुन्हा आवळतं, सूज उतरवतं, फुप्फुसातल्या आकसलेल्या नळ्या उघडतं आणि हृदयाला जोर देतं. एकाच वेळी ही सगळी कामं करणारं दुसरं औषध पेटीत नाही.

मग भुलीच्या इंजेक्शनातलंच ॲड्रेनालिन चालणार नाही का? हिशेब करून पाहू. आपल्याकडे भुलीच्या औषधात ते बहुधा १:८०,००० प्रमाणात असतं, म्हणजे ८० मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. १.८ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये ते जेमतेम ०.०२२ मिलिग्रॅम भरतं. तीव्र ॲलर्जीत मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे बावीसहून अधिक कार्ट्रिज रिकामी करावी लागतील, आणि तेवढ्या लिग्नोकेननं दुसराच प्राणघातक घोळ होईल. पेटीतलं ॲड्रेनालिन १:१००० असतं: १ मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १ मिलिग्रॅम. त्यातलं अर्धं, म्हणजे अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. लहान मुलांना वजनाच्या हिशेबानं कमी. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच.

दंडात किंवा कातडीखाली न देता मांडीतच द्यायचं, कारण तिथल्या मोठ्या स्नायूतून औषध लवकर रक्तात उतरतं. रुग्ण आडवाच राहिला पाहिजे. श्वास फारच लागत असेल तर पाठ थोडी उंच करावी. पण उभं करायचं नाही, चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही. रक्तदाब कोसळलेला असताना एकदम उठल्यानं माणसं दगावली आहेत.

आपल्याकडची एक सवय मला मनापासून खटकते. रिॲक्शन आली की हात आधी एव्हिलकडे जातो, मग हायड्रोकॉर्टिसोनकडे, आणि ॲड्रेनालिनची भीती वाटते म्हणून ते शेवटी. हा क्रम उलटा आहे. एव्हिलसारखी ॲलर्जीविरोधी औषधं खाज आणि गांधी कमी करतात. घसरलेला रक्तदाब ती सावरत नाहीत. हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम दिसायला तास लागतात. दोन्ही द्यावीत, पण ॲड्रेनालिन दिल्यावर. स्नायूत योग्य मात्रेत दिलेल्या ॲड्रेनालिनचा धोका, ते उशिरा देण्याच्या धोक्यापुढे फार छोटा आहे.

दुसरी सवय म्हणजे कातडीत थेंबभर औषध टोचून 'टेस्ट' घेणं. पुरळ उठली नाही म्हणजे धोका टळला, असं या टेस्टवरून खात्रीनं सांगता येत नाही, आणि खरोखर ॲलर्जी असलेल्याला तो थेंबसुद्धा महागात पडू शकतो. पूर्वी काय झालं होतं, कशानंतर, किती वेळात, हे नीट विचारल्यानं जास्त कळतं. शंका राहिलीच तर ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे पाठवावं. टेस्ट घेतली म्हणून पेटी नको, हा समज तर सर्वांत घातक.

४. छातीत दुखू लागलं तर

छातीवर दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम. जबड्यातली कळ दाताचीच समजून माणूस दंतवैद्याकडे येतो, असंही होतं. काम थांबवून त्याला अर्धवट बसतं ठेवायचं आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा.

ज्याला आधीपासून अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारं छातीचं दुखणं आहे, त्याला जिभेखाली नायट्रेट: नायट्रोग्लिसरीनचा फवारा किंवा आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली सॉर्बिट्रेट. ही औषधं रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार उतरवतात, म्हणून आधी बीपी मोजावं लागतं. वरचा आकडा ९० च्या खाली असेल तर देऊ नये. लैंगिक क्षमतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी गेल्या दिवस-दोन दिवसांत घेतली असेल तरीही नाही, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक घसरतो. हा प्रश्न बायको-मुलांसमोर मोठ्यानं विचारला तर उत्तर खोटं येण्याची शक्यताच जास्त. जवळ जाऊन हळूच विचारावा.

दुखणं थांबत नसेल, हार्ट अटॅकची शंका असेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यायचं. चावून अशासाठी, की आवरण असलेली गोळी नुसती गिळली तर ती विरघळायला वेळ लागतो आणि इथे वेळच नसतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव होत असेल तर ते टाळावं. "पण आत्ताच दाढ काढली आहे, रक्त थांबेल का?" दाढेच्या खळग्यातलं रक्त कापसाचा बोळा दाबून आवरता येतं. हृदयाचा मेलेला स्नायू परत मिळत नाही.

५. उपाशीपोटी आलेला मधुमेही

सकाळची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं. "दात काढायचाय, उलटी नको व्हायला" म्हणून नाश्ता टाळलेला. दवाखान्यात तासभर वाट बघण्यात गेलेला. खुर्चीत बसल्यावर हात कापू लागतात, घाम फुटतो, माणूस चिडचिड करतो, बोलणं अडखळतं. लोकांना वाटतं, घाबरलाय. प्रत्यक्षात रक्तातली साखर ७० च्या खाली गेलेली असते. बोटाच्या टोकावर सुई टोचून ग्लुकोमीटर काही सेकंदांत ते सांगतो, म्हणून तो पेटीजवळच हवा.

शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावं, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं. कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. तेव्हा शिरेतून डेक्स्ट्रोज किंवा स्नायूत ग्लुकागॉन हाच मार्ग. भुलीच्या साध्या इंजेक्शनासाठी उपाशी राहायची गरज नसते, एवढं जरी अपॉइंटमेंट देताना सांगितलं तरी यातले बरेच प्रसंग घडणारच नाहीत.

६. दमा आणि फिट

दम्याच्या रुग्णाला आडवं न करता बसवायचं. साल्ब्युटामॉलचा पंप, शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, दोन झुरके. लागेल तसे आणखी. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनीच झटका येतो. दात काढल्यावर लिहून दिली जाणारी वेदनाशामकं नेमकी याच गटातली असतात, म्हणून ही चौकशी चिठ्ठी लिहिण्याआधी व्हावी.

फिट आली तर उपकरणांचा ट्रे दूर सारायचा, तोंडात जे सहज निघेल ते काढायचं, घड्याळ बघायचं. दातांत चमचा घालायचा नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांवर गेली तर मिडाझोलाम गालाच्या आत किंवा नाकात फवारून देतात. थांबल्यावर कुशीवर वळवायचं.

७. ऑक्सिजन: सिलिंडर असणं आणि भरलेलं असणं

कधीच भरून न आणलेलं सिलिंडर कोपऱ्यात उभं करून ठेवलं, तर नसल्याहून वाईट. कारण सगळे त्याच्या भरवशावर राहतात. किती पुरेल याचा हिशेब सोपा आहे. आत ६०० लिटर ऑक्सिजन असेल आणि मिनिटाला १० लिटर सोडला, तर ६० मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर ३०. शहरात रुग्णवाहिका किती वेळात येते, घाटातल्या गावात किती वेळात येते, त्यावरून आपल्याला किती साठा हवा ते ठरतं. नुसता मास्कही पुरत नाही. श्वास थांबलेल्या माणसाला फुगा दाबून हवा द्यावी लागते, त्यासाठी अंबू बॅग हवी आणि ती कशी धरायची याचा सराव हवा.

हृदयच थांबलं तर पेटीतलं कोणतंही औषध छाती दाबण्याची जागा घेऊ शकत नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. खुर्ची सपाट करून तिच्यावरही हे करता येतं; खुर्चीच्या पाठीखाली स्टूल सरकवला की ती डगमगत नाही. विजेचा झटका देणारं एईडी यंत्र दवाखान्यात किंवा त्याच इमारतीत असेल तर उत्तमच.

८. पेटीची निगा

कुलूप लावलेल्या कपाटात ठेवलेली पेटी उपयोगाची नाही. ती सगळ्यांना दिसेल अशा जागी हवी. ॲड्रेनालिन उजेडानं खराब होतं, म्हणून ते त्याच्या खोक्यातच ठेवावं. औषध गुलाबी-तपकिरी दिसलं तर टाकून द्यावं. अँप्यूलच्या शेजारीच १ मिलिलिटरची सिरिंज आणि निळ्या टोपीची २३ नंबरची सुई चिकटवून ठेवावी, कारण भुलीच्या कार्ट्रिजची सिरिंज इथे चालत नाही आणि थरथरत्या हातांनी ड्रॉवर धुंडाळण्यात मोलाची मिनिटं जातात. झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत मात्रा लिहिलेल्या असाव्यात. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी एका माणसानं सगळ्या तारखा आणि सिलिंडरचा काटा बघून सही करावी.

कामं आधीच वाटून ठेवावी लागतात. एक जण रुग्णाजवळ, एक जण पेटी आणि ऑक्सिजन आणायला, एक जण फोनवर. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची मोफत सेवा आहे, गोव्यातही हाच क्रमांक चालतो. पत्ता सांगताना जवळची खूण, मजला आणि लिफ्ट आहे की नाही हे सांगावं, आणि कुणीतरी खाली रस्त्यावर जाऊन उभं राहावं. कोणतं औषध किती वाजता दिलं ते कागदावर लिहून रुग्णासोबत द्यावं. स्वागतकक्षातल्या ताईंनाही यातला प्रत्येक टप्पा माहीत हवा. अनेक दवाखान्यांत डॉक्टरांखेरीज त्या एकट्याच असतात.

९. खुर्चीवर बसण्याआधी

आता रुग्णाची बाजू. चालू औषधांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, "एक पांढरी गोळी" एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती थांबवायची की नाही हे तुमचे हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य मिळून ठरवतील. पूर्वी कधी इंजेक्शननंतर त्रास झाला असेल, तर नेमकं काय झालं होतं ते सांगा. मधुमेह असेल तर नेहमीच्या वेळी जेवून, औषध घेऊन जा आणि शक्यतो सकाळची वेळ मागा. दम्याचा पंप किंवा जिभेखालची गोळी रोजच्या वापरातली असेल तर ती खिशात हवी. घरी विसरलात, तर तसं सांगून वेळ बदलून घ्या.